रविवारचा इन्स्पेक्टर

दिवाळीच्या तोंडावर परभणीला भावाकडे आले आणि आल्या आल्या माळ्यावर चढावं लागलं. वहिनीची कंबर धरलेली, भावाला धुळीनं शिंका येतात, आणि माझे गुडघे दुखतात हे कुणाच्या गावीही नाही. थोरली म्हटलं की संपलं. फुटक्या कूलरच्या मागे हात घातला तर आमचा जुना टीव्ही लागला. लाकडी पेटीचा, पुढं सरकतं शटर असलेला. शटर ओढलं तर अर्ध्यावर अडकलं. पूर्वीही ते तिथंच अडकायचं, आणि मग बुक्की मारावी लागायची. मी बुक्की मारली. आतून वास आला, तापून तापून विझलेल्या धुळीचा आणि जुन्या लाकडाचा. खालून वहिनी म्हणाली, "ताई, भंगारवाला दुपारी येतोय, तो डबा खाली द्या." देते म्हणाले आणि तिथंच बसले. हल्ली बसलं की उठवत नाही.

हा डबा आमच्या घरी आला तेव्हा मी सातवीत होते. आमचे दादा, म्हणजे वडील, पोलिसात जमादार. चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून आत बैलगाडीच्या वाटेनं गेलं की एक गाव लागतं, तिथल्या चौकीवर ते होते. गावाचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. चौकी म्हणजे एक खोली, तिच्या मागं आमची दोन खोल्यांची राहायची जागा, पुढं ओसरी आणि अंगणात बाभळ. दादांच्या हाताखाली दोन शिपाई, एक सायकल आणि तीन काठ्या. चौथी काठी मोडली होती, तिनं आई चुलीतले निखारे ओढायची.

टीव्ही नांदेडहून आगगाडीनं चुडाव्याला आला आणि तिथून बैलगाडीत. गाडीत खाली कापूस पसरला होता, वर गोधडी, गोधडीत टीव्ही, आणि त्याला दोन्ही हातांनी धरून बसलेले दादा. नवी नवरी आणावी तसा तो आणला. आईनं उंबऱ्यात थांबवून त्याला ओवाळलं आणि शटरला कुंकू लावलं. छपरावर उंच पाइप उभा राहिला. अँटेना नांदेडकडं तोंड करून बांधली, पण वारं सुटलं की ती पूर्णेकडं बघायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग मी शिडीवर. "आलं का?" "गेलं!" "आता?" "आलं, आलं, तसंच धर!" माझ्या लहानपणीचा निम्मा रविवार छपरावर गेला. हिवाळ्यात तो पाइप असा गार लागायचा की हात बगलेत धरून खाली उतरावं लागे.

रविवारी सकाळी ती मालिका लागायची. शहरातल्या एका पोलीस इन्स्पेक्टरची. मालिकेत त्याला चांगलं भारदस्त नाव होतं, पण गावात ते कुणी घेतलं नाही. सगळे त्याला नुसतं इन्स्पेक्टर म्हणत. आठ दिवस तुरीच्या काढणीत, कापसाच्या वेचणीत वाकलेली माणसं रविवारी लवकर अंघोळ करून, डोक्याला तेल चोपून आमच्या दारात येत. खोलीत बायका आणि पोरं, ओसरीवर गडीमाणसं. करडीच्या तेलाचा, ओल्या केसांचा, बिडीचा आणि चहाचा वास एकमेकांत मिसळायचा. सुरुवातीची धून वाजली की रडतं पोरसुद्धा गप्प व्हायचं.

काय होतं त्याच्यात? आता विचार केला तर हसू येतं. तो जीप सरळ कधी थांबवायचाच नाही, आडवीच घालायचा. काळा चष्मा. शर्टाची इस्त्री मारामारीतही मोडत नसे. चोर गच्चीवरून उडी मारी, त्याच्या मागं हा उडी मारी, आणि खाली दोघांसाठी रिकामी खोकी रचून ठेवलेलीच असत. त्याला कुणाचा फोन यायचा नाही की सोडून द्या म्हणून. अर्ध्या तासात गुन्हा, अर्ध्या तासात शोध आणि अर्ध्या तासातच हातकड्या. गावात साधी बांधाची तक्रार आज्यानं केली तर निकाल नातवाला ऐकायला मिळायचा. अशा माणसांना तो अर्धा तास म्हणजे हुरड्याचं पहिलं कणीस वाटायचा. बायका त्याच्यासाठी पदराचं टोक चावत बसायच्या आणि गडीमाणसं "हाण!" म्हणून ओरडायची.

सगळ्यात जोरात ओरडायचे दत्तूमामा. मामा गावाचे, नात्यानं आमचे कुणी नाहीत. गुळाचे आणि मिरचीचे व्यापारी, आठवडी बाजारात त्यांचा मोठा तराजू. मालिका संपली की ते ओसरीवर उभे राहून पुन्हा सगळी करून दाखवत. पोट पुढं, बोट पिस्तुलासारखं, आणि "भागकर किधर जायेगा!" असं दख्खनी हिंदीतून. आम्ही हसून हसून लोळायचो. दादांकडं वळून ते म्हणायचे, "जमादार, तुमाला बी आसं जमलं पायजे बगा."

"त्याच्या जीपला डिझेल कोन देतं ते इचारून ये आदी," दादा म्हणत. "आन् पंच कुटून आनतो त्ये बी. माज्या पंचनाम्याला दोन मान्सं मिळंनात. ह्याला काय पडद्यावरच कोर्ट हाय."

असं म्हणत, पण रविवारी सकाळी पट्ट्याचं पितळ चिंचेनं घासून लख्ख करून, बूट पॉलिश करून, वेताच्या खुर्चीत ताठ बसायचे. धून वाजली की त्यांची मान जराशी वर व्हायची. ते मला फार आवडायचं. दादांचा पट्टा कमरेला दोन वेढे घेऊन मीही बाभळीखाली इन्स्पेक्टर व्हायची. गावात कुण्या मुलीनं असलं काही केलेलं नव्हतं, म्हणून आजीवयाच्या बायका तोंडाला पदर लावून बघत.

आईनं मात्र ती मालिका कधी पाहिली नाही. एवढ्या माणसांचा चहा, तोही गुळाचा, आणि पेले जेमतेम. पहिली पंगत प्यायली की विसळायचे आणि दुसरीला द्यायचे. धून तिला चुलीपाशी ऐकू यायची. ती वाजली की आधण ठेवायचं, एवढाच तिचा त्या इन्स्पेक्टरशी संबंध.

आणि खिडकीबाहेर गयाबाई असायची. पलीकडच्या वस्तीतली. नवरा गेलेला, मुलगा औरंगाबादेत शिकायला. बाजारात पोत्यावर पेरू, बोरं, चिंचा घेऊन बसायची. रविवारी वस्तीतल्या दोघीतिघी तिच्याबरोबर येत आणि खिडकीचे गज धरून उभ्यानं बघत. तिथं उभं राहा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आत या असंही कुणी म्हणत नसे. एकदा आई म्हणाली, "गया, आत ये की, पाय दुकतेल." खोलीत लगेच कुणीतरी खोकललं. गयाबाई म्हणाली, "हितूनच बेस दिसायलंय वैनी." तिचा चहा खिडकीतून जायचा आणि तिचा पेला गजापाशीच राहायचा. आमच्या घरालाही गावाचेच नियम होते.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. एसटी कधी बंद पडायची, कधी काचा फोडलेली यायची. दादा बंदोबस्ताला गेले की दोन दोन दिवस यायचे नाहीत. आले की पायाचे फोड आई कोमट पाण्यानं शेकायची. गाव आतल्या आत फुगलेलं असायचं. फाट्यावरच्या थांब्याच्या भिंतीवर कुणीतरी एका रात्रीत विद्यापीठाचं नवं नाव लिहिलं. गयाबाईचा मुलगाच हे करणार, असं चौघांनी ठरवून टाकलं. मुलगा तर औरंगाबादेत होता. मग ते चौघं भर बाजारात तिच्याकडं गेले.

मी शाळेत होते, मला फक्त नंतरचं आठवतं. मातीत चिरडलेल्या पेरूंचा गोड वास संध्याकाळपर्यंत बाजाराच्या जागेवर होता. शेरड्या ते पेरू खात होत्या. गयाबाईला बैलाच्या जुवाची शिवळ काढून मारलं होतं. तिचा उजवा हात कोपराखाली मोडला होता. तिला पूर्णेच्या दवाखान्यात नेलं. दादा घरी आले, टोपी खुंटीला अडकवली, आणि जेवायला न बसता ओसरीवर फेऱ्या घालत राहिले. सगळा बाजार तिथं होता. आणि दादा ज्याला विचारत तो म्हणे, मी नुकताच पाणी प्यायला गेलतो.

पुढच्या रविवारी खोली भरली. नेहमीसारखीच. खिडकी तेवढी रिकामी होती. त्या दिवशीचा इन्स्पेक्टर मला आजही दिसतो. एका म्हाताऱ्या हातगाडीवाल्याला गुंडांनी मारलं होतं आणि हा एकेकाला शोधून काढत होता. बायकांचे डोळे भरले. शेवटचा गुंड सापडला तशी ओसरी टाळ्यांनी दणाणली, आणि दत्तूमामा उभे राहून ओरडले, "सोडू नको त्याला!"

दादा उठले. त्यांनी टीव्ही बंद केला. शटर ओढलं, ते अर्ध्यावर अडकलं, तसंच ठेवलं.

"बाजारच्या दिवशी हितलं कोन कोन होतं बाजारात?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. "मला दोन नावं पायजेत. जास्ती न्हाई. गयाबाईला मारताना ज्यांनी बगितलं, त्यांनी नुस्तं बगितलं म्हनावं."

कुणी चटईच्या काड्या उपसायला लागलं, कुणी पोराचं नाक पुसायला लागलं. दादा दत्तूमामांकडं बघत होते.

मामा म्हणाले, "म्या तर त्या दिवशी पूर्णेला गेलतो जमादार. सोयऱ्याकडं."

तेव्हा आतून आई आली. हाताला पीठ तसंच. एवढ्या माणसांसमोर ती कधी खोलीत यायची नाही, आली तर भिंतीच्या कडेनं. ती उंबऱ्यात उभी राहिली.

"मामा, असं कामून म्हनता?" ती म्हणाली. "तुमीच तर मला गूळ तोलून देऊलालता त्या वक्ताला. तराजू हातात तसाच धरून बगत होतात. म्या बी बगत होते." मग दादांकडं वळून म्हणाली, "लिवा माजं नाव. चौघंबी मला वळखू येतेत."

ती त्या दिवशी बाजारात होती हे तिनं दादांनाही सांगितलं नव्हतं. ती साक्ष देणार म्हणजे काय हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. जमादारानं घरचीच बाई उभी केली, असं वकील म्हणणार. गाव काय म्हणणार ते तर समोर बसलंच होतं. ते हळू म्हणाले, "जबाब मला घेता याचा न्हाई. वरून सायेब यील. पुना इचार कर."

"त्याच्यात काय इचार करायचा? बगितलं म्हून बगितलं." आणि ती आत गेली, कारण तव्यावर भाकरी जळत होती.

त्यानंतरच्या रविवारी धून वाजली तेव्हा खोलीत आम्ही तिघंच होतो. दादा, भाऊ आणि मी. आत आईनं सवयीनं मोठं पातेलं ठेवलं होतं. तो चहा आम्ही संध्याकाळपर्यंत पीत होतो. गिरणीवर आमचं दळण मागं पडायला लागलं. संक्रांतीला आईनं सुगडी मांडली, तीळगूळ केला, हळदीकुंकवाचं ताट घेऊन दिवे लागेपर्यंत दारात बसली. कोणी आलं नाही. तिनं ताट उचललं आणि वाणाचे सगळे हरभरे पाखरांना टाकून दिले. मला तिचा इतका राग आला होता. एक वाक्य बोलली नसती तर काय बिघडलं असतं, असं वाटायचं. दादा मात्र तिला काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी अँटेना नांदेडकडं नीट फिरवायचं सोडून दिलं, एवढंच. पडद्यावर मुंग्या आल्या तरी ते मुंग्यांतल्या इन्स्पेक्टरकडं बघत बसायचे.

वर्षभरात दादांची बदली पूर्णेला झाली. पूर्णेला टीव्ही कुणाला नवलाचा नव्हता, त्यामुळं कुणी आमच्याकडं येत नसे, आणि येत नाही म्हणून वाईटही वाटत नसे. मालिका कधी संपली तेही कळलं नाही. कोर्टाच्या तारखा मात्र संपेनात. आज साहेब रजेवर, उद्या आरोपीचा वकील आजारी. आई सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला जायची आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायची. गयाबाई चुडाव्याला बसायची, आई पूर्णेला. गाडी पूर्णेत शिरली की खिडकीतून एक वाकडा जुळलेला हात बाहेर यायचा आणि आई त्या डब्याकडं धावायची.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली त्या दोघी दिवसभर बसायच्या. वकिलांच्या काळ्या कोटांना येणारा घामाचा वास, टाइपरायटरचा कडकडाट आणि मधूनच पट्टेवाल्यानं मारलेली आरोळी. पहिल्या तारखेला गयाबाईनं आपला डबा पाठ फिरवून खाल्ला. पुढं कधीतरी आईनं तिच्या भाकरीवर ठेचा वाढला. आणखी पुढं दोघींचा एकच डबा झाला. आई एक दिवस आधीच विचारायची, "उद्या गयाला काय आवडंल?" कोर्टात जायचंय की माहेराला, असं दादा चिडवायचे. मधल्या काळात आईचे केस पिकले, गयाबाईचा मुलगा नोकरीला लागला, मी परभणीला कॉलेजात गेले. नामांतरही एकदाचं झालं. तारखा चालूच होत्या.

आईची साक्ष झाली त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. आरोपीचे वकील गोड बोलणारे होते. "बाई, तुमच्या घरी टीव्ही होता ना? रविवारी पोलिसांची मालिका लागायची. मारामाऱ्या, गुंड, इन्स्पेक्टर. सगळं गाव जमायचं. बरोबर?"

"व्हय."

"मग असं तर नाही ना, की मालिका बघून बघून तुमच्या डोळ्यांपुढं तेच यायला लागलं?"

आईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "म्या कदी बगितलीच न्हाई सायेब ती. इतक्या मान्सांचा चहा कोन करनार?"

कोर्टात हसू फुटलं. खाली मान घालून लिहिणारे न्यायाधीशही हसले. आई हसली नाही. गयाबाईवर शिवळ कुणी उचलली, पहिला फटका कुठं बसला, पेरू कुठं गेले, सगळं तिनं सांगितलं. तिच्यानंतर दत्तूमामांना बोलावलं. ते काठी टेकत आले, पार वाळून गेले होते. मी पूर्णेला गेलो होतो, असं ते म्हणाले. आईकडं त्यांनी पाहिलं नाही.

निकालाच्या दिवशीही मी बरोबर होते. इंग्रजीत काहीतरी वाचलं गेलं, माणसं उठायला लागली. आईनं सरकारी वकिलाला विचारलं, "म्हंजे काय झालं?" ते फाइल आवरत म्हणाले, "सुटले. गयाबाईचं म्हणणं आणि तुमची एकटीची साक्ष, एवढ्यावर नाही होत, आणि त्यात तुम्ही जमादाराच्या घरच्या." चौघं बाहेर एकमेकांना पेढे भरवत होते. त्यांतल्या दोघांना टक्कल पडलं होतं.

संध्याकाळच्या पॅसेंजरला गर्दी नव्हती. बाहेर कापसाची रानं पांढरी होऊन पडली होती आणि डब्यात कुणाच्या तरी टोपलीतली मेथी वास मारत होती. दोघी खिडकीशी शेजारी बसल्या, मी समोर. पिंगळीचं स्टेशन गेलं. मग गयाबाई म्हणाली, "आता तारीक न्हाई मग?"

"न्हाई," आई म्हणाली.

"मंग आता कशाला भेटतोय आपुन, वैनी."

आईनं डबा उघडला, त्यात सकाळची एक भाकरी उरली होती, ती दोघींत मोडली. गयाबाईनं अर्धी खाल्ली. खाता खाताच तिचा डोळा लागला. वाकडा हात मांडीवर, तोंड जरासं उघडं, आणि डोकं आईच्या खांद्यावर. इतक्या वर्षांत मी तिला कधी अशी पाहिली नव्हती. ती नेहमी कडेला, नेहमी निम्मी उठलेली असायची.

पूर्णा आलं. फलाटावर दादा सायकल धरून उभे होते. मी पिशवी उचलली. "आई, ऊठ. पूर्णा."

आईनं मान हलवली. "चुडाव्यापोतूर जाऊ."

"आणि परत कशानं येणार? गाडी नाहीये आता."

"असंल काहीतरी. हळू बोल, निजलीय ती."

दादा डब्याडब्यात डोकावत आमच्या खिडकीपाशी आले. त्यांनी आईकडं पाहिलं, मग तिच्या खांद्याकडं पाहिलं. शिट्टी झाली. गाडी हलली तसे ते थोडं अंतर खिडकीबरोबर चालत आले. आईनं त्यांना हात करायचा म्हणून उजवा हात उचलला आणि खांदा हलेल म्हणून परत खाली ठेवला.